अक्कम्माचे दोन दात

त्या दिवशी कारखान्यात अक्कम्माच्या टेबलावर पांढरे शर्ट होते. कुठल्याशा इंग्रजी शाळेचे, खिशावर निळं बोधचिन्ह असलेले. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्यांचा खरा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कुणाला मान वर करायला सवड नसते. जानेवारी संपत आला होता. शिवून आलेल्या शर्टाला बटणं लावायची, लोंबणारे दोरे काढायचे, कुठं टाका सुटलाय का बघायचं आणि घडी घालून पुढं द्यायचं, हे अक्कम्माचं काम. कात्री समोरच असायची, पण ती उचलायला वेळ कोण घालवणार? दोरा डाव्या बाजूच्या दातांत धरायचा, मान जराशी झटकायची, की तुटला. एकतीस वर्षं ती असंच करत आली होती.

एका शर्टाचा दोरा तिनं तोडला आणि कॉलरवर लाल ठिपका उमटला. मोहरीएवढा.

शेजारी बसलेल्या बजाबाईनं वाकून पाहिलं. "अक्का, रगत हाय की गं हे. बोटात सुई घुसली व्हय?"

बोटाला काही झालं नव्हतं. अक्कम्मानं जीभ दातांवरून फिरवली आणि तिला खारट लागलं. ती उठली, नळावर गेली, साबण लावून कॉलर चोळली. लाल गेलं, पिवळट राहिलं. शर्ट तिनं पिशवीत घालून घरी नेला, दोनदा धुतला, इस्त्री केली आणि दुसऱ्या दिवशी घडीत ठेवून दिला. तिला कुणी काही बोललं नाही. पण तिच्या हातचा कपडा आजवर परत आला नव्हता, आणि आता तिच्याच तोंडानं तो खराब केला होता, ही गोष्ट तिच्या मनातून जाईना.

अक्कम्मा बिराजदार मूळची कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या मैंदर्गीची. घरात कानडी, शाळा चौथीपर्यंत, तीही कानडी. सतराव्या वर्षी चनबसप्पाशी लग्न होऊन ती सोलापुरात भवानी पेठेत आली तेव्हा तिला मराठी समजायचं, बोलता यायचं नाही. नळावर भांडता भांडता ती मराठी शिकली, असं ती स्वतःच सांगते. चनबसप्पा कापडाच्या दुकानात माप घेऊन कापड फाडायचा. आता तो घरीच असतो. एक मुलगी, श्रीदेवी, होटगीला दिली आहे. जावई रेल्वेत. अक्कम्माच्या गळ्यात चांदीच्या करड्यातलं, म्हणजे छोट्या डबीतलं, लिंगायतांचं इष्टलिंग असतं, सकाळी त्याची पूजा झाल्याशिवाय ती पाणीसुद्धा पीत नाही. अंडंसुद्धा तिच्या घरी कधी आलेलं नाही.

एक मात्र सवय होती. मिसरीची. श्रीदेवीच्या वेळच्या बाळंतपणानंतर दाढ ठणकली, तेव्हा सासूनं तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजली, कुटली आणि तिच्या बोटावर ठेवली. दाढ थांबली. मिसरी राहिली. सकाळी, जेवल्यावर आणि संध्याकाळी दिवा लावण्याआधी, असं तीस वर्षं चाललं होतं. कारखान्यातल्या निम्म्या बायकांच्या कंबरेला तशी डबी असायची.

ठिपका पडल्यानंतर ती आरशात नीट बघू लागली. डावीकडचा वरचा सुळा आणि त्याच्या शेजारचा दात लांब दिसत होते. हिरडी वर सरकली होती. बोटानं ढकललं की शेजारचा दात किंचित हलायचा. भाकरी ती कधीपासून आमटीत भिजवून खाऊ लागली होती, हे तिचं तिलाच आठवेना.

"काडून टाक सगळे," बजाबाई म्हणाली. "माझ्या जावंनं कवळी बसवली. लई झ्याक दिसती."

चनबसप्पालाही कवळी होती. त्यानं बायकोचं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "दाखव तरी आधी कुणाला."

फेब्रुवारीत एका सोमवारी अक्कम्मा अर्धी रजा काढून सात रस्त्याजवळच्या एका दवाखान्यात गेली. दवाखाना डॉ. वैजयंती शिंगटे यांचा. चाळिशीच्या आतबाहेरच्या, मूळच्या करकंबच्या, हिरड्यांचं पुढचं शिक्षण घेऊन आलेल्या. अक्कम्मा खुर्चीत बसली आणि हात जोडून म्हणाली, "मॅडम, हे दोन काढून द्या. बाकीचे बी हळूहळू काढू."

डॉक्टरांनी दिवा जवळ घेतला, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "मावशी, तुम्ही शिवणकाम करता का?"

"तुमाला कसं कळलं?"

"या दातांना खाली खाच पडलीय. दोऱ्याची."

अक्कम्माला आरसा दिला तेव्हा तिलाही ती दिसली. दाताच्या कडेला सुईच्या नेढ्यासारखी बारीक खाच. इतकी वर्षं रोज आरशात बघून ती तिला दिसली नव्हती.

मग डॉक्टरांनी एक बारीक दांडी घेतली. तिच्या टोकाकडं मिलिमीटरच्या खुणा होत्या. दात आणि हिरडीच्या मध्ये ती अलगद घालून त्या आकडे सांगू लागल्या आणि सिस्टर लिहून घेऊ लागली. तीन, चार, तीन. चार, पाच, चार. सुळ्यापाशी आल्यावर, आठ. शेजारच्याला, सात.

"आठ म्हंजे?" अक्कम्मानं तोंड मोकळं झाल्यावर विचारलं. मापाची भाषा तिला कळत होती.

"हिरडी दाताला चिकटलेली असते. निरोगी माणसात दोन-तीन मिलिमीटरची फट असते, बस. तुमच्या सुळ्यापाशी आठपर्यंत दांडी आत जाते. म्हणजे तिथं खिसा झालाय. त्यात घाण साचते आणि आतलं हाड झिजतं. दात तुमचा चांगला आहे, मावशी. किडलेला नाही. त्याला धरून ठेवणारं हाड गेलंय, तेही एका बाजूनं. म्हणून मला तो काढावासा वाटत नाही."

एक्स-रे दाखवला. दोन दातांच्या मुळांशी हाडात आत शिरत गेलेली काळी चीर होती. अक्कम्मा ती बघत राहिली.

"पण आधी मिसरी बंद," डॉक्टर म्हणाल्या. "ती चालू असेल तर मी काही केलं तरी हिरडी भरून येणार नाही. साखरही तपासून घ्या. तीन महिने आपण फक्त साफ करत राहू. मग पुढचं बोलू."

साखर बरी निघाली. मिसरीचं मात्र सोपं नव्हतं. पहिल्या आठवड्यात तिचं डोकं जड व्हायचं, पोट साफ होईना, चनबसप्पावर ती विनाकारण खेकसायची. चनबसप्पा बडीशेप भाजून एका वाटीत भरून ठेवायचा आणि वाटी तिच्यासमोर सरकवायचा. अकराव्या दिवशी कारखान्यात दुपारच्या जेवणानंतर बजाबाईनं डबी उघडली, वास आला आणि अक्कम्माचं बोट आपोआप पुढं गेलं.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडं गेल्यावर तिनं खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं. "एकदा लावली. खोटं बोलत न्हाय."

"बरं झालं सांगितलंत. आता पुन्हा एकपासून दिवस मोजा."

बजाबाईला हे कळलं तेव्हा ती वरमली. त्यानंतर ती जेवण झालं की डबी घेऊन जिन्याखाली जायची, दात घासून चूळ भरून मगच टेबलाशी यायची. "तुझ्यासमोर नगं," एवढंच म्हणायची.

मे अखेरीला पुन्हा मोजमाप झालं. रक्त येणं जवळपास थांबलं होतं. बहुतेक ठिकाणचे आकडे उतरले होते. सुळ्यापाशी मात्र आठच होते आणि शेजारी सात.

डॉक्टरांनी दिवा बंद केला आणि खुर्ची ओढून समोर बसल्या. "इथं आतून साफ करावं लागेल. हिरडी थोडी उघडायची, मूळ स्वच्छ करायचं आणि त्यावर एक जेल लावून टाके घालायचे. हे जेल काय आहे ते सांगते. बाळाच्या हिरडीत दात तयार होत असतो तेव्हा दाताचं पांढरं कवच, इनॅमल, बनवणारी काही प्रथिनं असतात. तीच थोडी मुळावरही पसरतात. त्यामुळं मुळावर एक पातळ थर बसतो, त्या थरातून बारीक धागे निघतात आणि त्या धाग्यांनी दात हाडाला बांधला जातो. मोठेपणी हे काम बंद झालेलं असतं. ती प्रथिनं पुन्हा मुळावर लावली, तर काही माणसांत तो थर, ते धागे आणि थोडं हाडसुद्धा परत येतं."

"काही माणसांत."

"हो. सगळं परत येईल असं मी म्हणत नाही. पण तुमच्या हाडाचा खड्डा ज्या आकाराचा आहे, त्यात बरं यश येतं. खर्चही थोडा नाही, तो सिस्टर सांगेल." त्यांची नजर अक्कम्माच्या गळ्याकडं गेली. "आणखी एक सांगायचंय. ही प्रथिनं डुकराच्या पिल्लांच्या जबड्यातल्या दातांपासून काढतात. न उगवलेल्या दातांपासून. ती शुद्ध केलेली असतात, पण मूळ तेच. मी हे सगळ्यांना आधी सांगते. नको वाटलं तर नुसतं उघडून साफ करता येतं. त्यानं थोडा फायदा होतो, मात्र गेलेलं सहसा परत येत नाही."

अक्कम्मानं पदर सावरला, "विचारून सांगते," म्हणाली आणि जिना उतरून आली.

घरी तिनं चनबसप्पाला सांगितलं, तेही कानडीतला शब्द वापरून. "हंदीचं हाय म्हणे." डुक्कर हा शब्द तिच्या तोंडून निघेना. चनबसप्पा म्हणाला, "डॉक्टरीणबाईनं सांगितलंच नसतं तर?"

"तर मला कळलं नसतं. पण सांगितलंय की आता."

श्रीदेवीनं फोनवर वेगळंच काढलं. "अव्वा, औषधाच्या कॅप्सूल गिळतेस ना? त्याचं कवच कशाचं असतं माहीत आहे? जनावरांच्या हाडा-कातड्याचं. तेव्हा चाललं ना?"

"न कळता गेलं ते गेलं. हे कळून घ्यायचंय. दोन्ही सारखं कसं असंल?" अक्कम्मा चिडून म्हणाली आणि फोन ठेवला. त्या दिवसापासून ती कॅप्सूलबद्दलही विचार करू लागली, ते वेगळंच.

जूनमध्ये शाळा उघडल्या आणि काम उतरलं. रविवारी अक्कम्मा एसटीनं मैंदर्गीला गेली, मोठ्या भावाकडं. गुरुलिंगअण्णा सत्तरीला आलेला. वडील गेल्यापासून तोच तिला बापाच्या जागी होता. जिथं मांस शिजतं त्या हॉटेलात तो चहासुद्धा घेत नाही. पेरणीआधीची दोन दिवसांची उसंत होती, तो ओट्यावर दावं वळत बसला होता. तिनं सगळं सांगितलं. त्यानं दावं खाली ठेवलं.

"ब्याड, तंगी," तो म्हणाला. नको, धाकटे. "जिवावर बेतलं असतं तर मी अडवलं नसतं. पण दातासाठी? दात आज ना उद्या पडायचेच."

वहिनीनं जेवायला वाढलं. अक्कम्मानं भाकरी कुस्करून आमटीत टाकली, मऊ व्हायची वाट पाहिली आणि उजव्या बाजूनं सावकाश खाऊ लागली. अण्णाचं जेवण झालं तरी तिचं अर्धंच झालं होतं. तो हात न धुता तसाच बसून तिच्याकडं बघत होता.

परतीच्या गाडीत तिला खिडकीची जागा मिळाली. नांगरून पडलेली काळी रानं मागं जात होती. तिच्या डोक्यात अण्णाचं वाक्य घोळत होतं. त्याचा राग तिला आला नव्हता. त्याचं म्हणणं तिला निम्मं पटलंही होतं.

पुढचे तीन दिवस ती पूजेला नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली. डाव्या तळहातावर लिंग घेऊन डोळे मिटून. चौथ्या दिवशी उठली, चहा ठेवला आणि चनबसप्पाला म्हणाली, "करून घेते."

त्यानं विचारलं नाही, पण तिनंच सांगितलं. "अण्णा म्हणाला, जिवासाठी चाललं असतं. म्हंजे त्याला बी कुटंतरी चालतंयच. मग कुटं चालायचं, ते ज्याच्या तोंडात दुखतंय त्यानं ठरवायचं की. मी चवीला खात न्हाय, मजा म्हणून करत न्हाय. माझं मलाच समजावून बघितलं. पटलं."

"खर्चाचं बघू," चनबसप्पा म्हणाला.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी दहाला तिला बोलावलं होतं. संमतीचा कागद पुढं आला तेव्हा तिनं पेन हातात घेऊन विचारलं, "मॅडम, ते पिल्लू याच्यासाठीच मारतात का?"

डॉक्टर म्हणाल्या, "मांसासाठी पाळलेली असतात. माझ्या वाचनात तरी तसंच आलंय. त्यांच्या जबड्यातून हे घेतात."

"म्हंजे मेलेलंच."

"हो. मारलेलंच असतं, मावशी."

अक्कम्मानं मान हलवली आणि सही केली. तिची सही कानडीत असते, गोल गोल अक्षरांची.

भूल दिल्यावर गाल दगडासारखा झाला. तिला खरवडल्याचा आवाज येत होता, पाण्याची धार कळत होती, दुखत काही नव्हतं. छताकडं बघत ती मनातल्या मनात देवाचं नाव घेत राहिली. मधे एकदा डॉक्टर म्हणाल्या, "मूळ स्वच्छ झालंय, आता दोन मिनिटं एक औषध लावून ठेवतेय." मग पुन्हा पाणी. मग, "आता जेल लावते. रक्त लागू द्यायचं नाही, जरा स्थिर राहा." सिस्टरनं फ्रीजमधून काढून ठेवलेली छोटी पिचकारी पुढं केली. अक्कम्मानं डोळे मिटले. जिभेला काही लागलं नाही. कसला वासही आला नाही. त्यानंतर टाके.

सगळं आवरल्यावर तिनं आरसा मागितला. ओठ वर करून तिनं बारीक निळे टाके एकेक करून तपासले. कारखान्यातल्या आपल्या टेबलावर शर्टाचे तपासते तसेच.

"टाका सरळ हाय," ती जड जिभेनं म्हणाली. सिस्टर हसू लागली. डॉक्टरांनीही मास्क काढला आणि हसल्या.

त्या बाजूला पंधरा दिवस चावायचं नाही, ब्रश लावायचा नाही, दिलेल्या औषधानं नुसत्या चुळा भरायच्या आणि ओठ ओढून बघायचं नाही. हे शेवटचं तिला सगळ्यांत अवघड गेलं. सूज दोन दिवसांत उतरली. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःच मैंदर्गीला फोन लावला.

"अण्णा, मी करून घेतलं. तुझं ऐकलं न्हाय."

पलीकडून गोठ्यातल्या वासराचं हंबरणं ऐकू आलं.

"दुखतंय का?" अण्णानं विचारलं.

"न्हाय."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला. नागपंचमीला तिला न्यायला मात्र तो दरवर्षीप्रमाणे स्वतः आला. त्यावर पुन्हा बोलणं असं झालं नाही. तिनंही काढलं नाही.

टाके निघाले. कामावर ती चौथ्या दिवशीच गेली होती. दोऱ्याला दात लावायचे नाहीत, म्हणून कात्रीला दोरी बांधून ती गळ्यात अडकवली. पहिले काही दिवस मान आपोआप झटकली जायची आणि बजाबाई "अक्का!" म्हणून ओरडायची. वेग कमी झाला, तो हळूहळू परत आला. दिवाळीनंतर बजाबाईनं स्वतःची डबी घरी ठेवायला सुरुवात केली. ती कधी मधे आणायची, कधी नाही. पण संक्रांतीच्या आधी तीही एकदा अक्कम्माबरोबर सात रस्त्याला जाऊन आली.

वर्ष झालं तेव्हा पुन्हा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी जुना आणि नवा शेजारी शेजारी लावले. सुळ्याच्या मुळाशी जी काळी चीर होती ती बरीचशी करडी झाली होती. दांडी घातली, चार. शेजारच्या दातापाशी पाच. तिथं हाड थोडंच भरलं होतं, झिजलेली कड तशीच राहिली होती. पण दात हलत नव्हता.

"सुळ्यानं चांगली साथ दिली," डॉक्टर म्हणाल्या. "शेजारच्यानं निम्मीच. त्याच्यावर लक्ष ठेवू."

"राहील का पण तो?"

"आज तरी आहे. तुम्ही घासत राहिलात, मिसरीकडं गेला नाहीत आणि दर तीन महिन्यांनी साफ करून घेतलंत, तर बरीच वर्षं राहील असं मला वाटतं. लिहून देत नाही."

अक्कम्माला हे उत्तर आवडलं. गेल्या आठवड्यात तिनं डाव्या बाजूनं कोरडी भाकरी खाल्ली होती, नुसती चटणीबरोबर. कुणाला सांगितलं नव्हतं. ते तिनं आत्ता सांगितलं.

डॉक्टरांनी कागद आवरले आणि जरा संकोचून विचारलं, "मावशी, गावातल्या दातांच्या डॉक्टरांची एक बैठक आहे. तिथं तुमचे हे फोटो दाखवू का? नाव, चेहरा काही नसेल. फक्त दात."

अक्कम्मानं दोन्ही एक्स-रेंकडं पाहिलं.

"दाखवा की. पण एक करा. ते जेल कशापास्नं करतात, ते पेशंटला आधी सांगायचं, असं त्या डॉक्टरांना बी सांगा. मला सांगितलं म्हणून मला ठरवता आलं. कुणी नगं म्हणंल, कुणी व्हय म्हणंल. पण सांगायचं."

"पहिल्याच चित्रावर लिहिते," डॉक्टर म्हणाल्या.

बाहेर सिस्टर पुढची तारीख टाकायला वही उघडून बसली होती. तिनं सप्टेंबरमधली एक तारीख सांगितली. अक्कम्मानं बोटांवर हिशेब केला. महालयाचा पंधरवडा, मग श्रीदेवीकडं जायचं होतं.

"त्याच्या आधीचा सोमवार असंल तर बघा," ती म्हणाली. "सकाळचा."